सेलूकरबाईंनी काढलेली खूण

आमच्या जमीनमोजणीच्या कचेरीत नकाशाची नक्कल काढणाऱ्या माणसाला अनुरेखक म्हणतात. जुना नकाशा खाली ठेवायचा, वर पारदर्शक कापड ताणून बसवायचं आणि खालची रेघ वर जशीच्या तशी उतरवायची. भानुमती सेलूकर यांनी हे काम तेहेतीस वर्षं केलं. त्यातली अठरा वर्षं मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर होतो. मी संघपाल, रेकॉर्ड रूमचा कारकून.

मे महिन्यातसुद्धा बाई काम करताना पंखा बंद ठेवायच्या, कारण वाऱ्यानं कापड हलतं. आम्ही घामानं निथळत बसायचो, पण त्यांना बोलायची कुणाची हिंमत नव्हती. मूळ नकाशाला कसर लागून भोक पडलेलं असलं, तर नकलेतही तेवढी जागा त्या कोरी सोडत. एकदा एका नव्या साहेबांनी सांगितलं, "बाई, रेघ सरळच जातेय की, जोडून टाका." बाई म्हणाल्या, "खाली नाही साहेब, वर कुठून आणू?" साहेब हसले आणि गेले. बाई हसल्या नव्हत्या.

त्यांचे वडील निजामाच्या काळात पैमाइशीच्या, म्हणजे जमीनमोजणीच्या, खात्यात होते. त्यांनी मुलीला उर्दू वाचायला शिकवलं होतं. आमच्या भागातले जुने नकाशे उर्दूत आहेत, त्यामुळं बाई २०१६ साली रिटायर झाल्या तेव्हा त्या नकाशांवरचं लिहिलेलं वाचणारं कचेरीत कुणी उरलं नाही. बाईंनी लग्न केलं नव्हतं. शहरातल्या छावणी भागात, बाजाराच्या मागं दोन खोल्यांत त्या राहायच्या. जवळचा म्हणावा असा एक भाचा, भावाचा मुलगा देवेश.

तीन वर्षांपूर्वी जुने नकाशे स्कॅन करायचं काम एका खासगी कंपनीला मिळालं आणि देवेश नेमका त्याच कंपनीत होता. उर्दूवर गाडी अडली, तेव्हा तो आत्याला घेऊन आला. बाई पुन्हा त्यांच्या जुन्या टेबलावर येऊन बसल्या. चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "संघपाल, पंखा बंद कर."

आता मी जे सांगणार आहे त्यातल्या गावांची नावं बदलली आहेत. अलीकडच्या गावाला सावरथडी म्हणू, पलीकडच्याला निंबेगाव. मधून गोदावरी वाहते, तिला आमच्याकडं गंगाच म्हणतात. स्वातंत्र्याच्या सुमारापर्यंत गंगेच्या अलीकडं, उत्तरेला, निजामाचं राज्य होतं, लोक त्याला मोगलाई म्हणायचे. पलीकडं, दक्षिणेला, इंग्रजांचा मुलूख. दोन राज्यांची सरहद्द म्हणजे ही नदी.

एका दुपारी बाईंनी मला हाक मारली. टेबलावर दोन नकाशे होते. एक निंबेगावचा, इंग्रजांनी आधी केलेला, जाड कागदावर. दुसरा सावरथडीचा, निजामाच्या मोजणीदारानं पुढं तीस वर्षांनी केलेला, कापडावर. बाईंनी दोन्हींच्या हद्दी एकाच कापडावर उतरवल्या होत्या. दोन रेघा एकमेकींना मिळायला हव्या होत्या. त्या मिळत नव्हत्या. मध्ये विळ्यासारखी वाकडी एक पट्टी उरत होती.

"हे बघ," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मी एवढा खुशीत कधी ऐकला नव्हता. "इंग्रजाची रेघ गंगेच्या दक्षिण काठावर थांबली. मग पूर आला असेल आणि गंगा सरकली दक्षिणेला. जुनं पात्र कोरडं पडलं. नंतर निजामाचा माणूस आला. त्यानं आपली रेघ जुन्या उत्तर काठावर थांबवली आणि लिहिलं, इथून पुढं इंग्रजी इलाखा. म्हणजे ह्याला वाटलं त्याचं आहे, आणि त्याला वाटलं ह्याचं."

"मग आहे कुणाचं?"

"कुणाचंच नाही. दीडशे एकर असेल."

निजामाच्या नकाशावर त्या पट्टीत ठिपक्यांचं एक छोटं कडं होतं आणि शेजारी बारीक अक्षरं. बाईंनी बोट न टेकवता वाचलं, "बाडा धनगरान. इथं धनगरांची मेंढरं बसायची बघ." मी चहा पीत उभा होतो. मला उर्दू येत नाही. मी बरं म्हणालो आणि कप ठेवायला गेलो. बाईंनी ते कडं उतरवलं नाही. त्या दिवशी त्यांना फक्त हद्दीच्या रेघा हव्या होत्या. फोनवर फोटो काढून ठेवायची सवय आम्हा दोघांनाही नव्हती.

पुढच्या रविवारी देवेशच्या गाडीतून आम्ही ती पट्टी बघायला गेलो. वाळूज मागं पडलं, गंगापूर गेलं, मग उसातली वाट लागली आणि एकदम उघडं रान आलं. पट्टी रिकामी असेल असं आम्हाला वाटलं होतं. तिथं एकोणीस घरं होती. पत्र्याची, कुडाची, दोन विटांची. काटेरी कुंपणात मेंढरं होती. कुत्र्यांनी गाडीला घेरलं आणि एक म्हातारी काठी आपटत पुढं आली. तिचं नाव दगडाबाई.

तिनं आम्हाला बाजेवर बसवलं. बाईंनी विचारलं, इथं किती वर्षं राहता? दगडाबाई म्हणाली, "माझ्या सासऱ्याचा बाप हितंच मेला. मेंढरं लासूर स्टेशनच्या बाजारात नेऊन इकायची आन परत हितंच यायचं. मोगलाईचा शिपाई म्हनायचा ही इंग्रजी हाय, इंग्रजाचा म्हनायचा ही मोगलाई हाय. रजाकाराच्या वक्ताला सगळी गावं पळाली, आमच्याकडं कुनी आलंच नाय."

"आणि आता?"

"आता दोन्हीकडचा तलाठी येत नाय. मतं तेवढी सावरथडीला टाकतो."

बाईंनी पिशवीतून नक्कल काढून तिला दाखवली आणि म्हणाल्या, ही तुमची जागा, ही कुठल्याच नकाशात नाही, मी वर लिहून कळवणार आहे. दगडाबाईनं कापडाला हात लावला नाही.

"कागदावर आनलं तर काय व्हईल?"

"तुमच्या नावावर व्हायचा रस्ता उघडेल. इतकी वर्षं राहताय, हक्क आहे तुमचा."

"आन नाय झालं तर?"

"का नाही होणार?"

म्हातारीनं काठी आडवी ठेवली. "बाई, तुम्ही लई चांगल्या दिसता. पन आमच्याकडं कुनी ध्यान दिलं नाय म्हून आम्ही ऱ्हायलो. तुम्ही बी देऊ नका."

परत येताना बाई चिडल्या होत्या. "कागद नाही याची भीती वाटायला हवी यांना. उद्या कुणीही येऊन उठवेल." देवेश गाडी चालवत होता. त्यानं विचारलं, "आत्या, खाली माती कसली असेल गं तिथं?" बाई म्हणाल्या, "जुनं पात्र आहे. वर गाळ, खाली वाळूच असणार."

बाईंनी चार पानी टिपण लिहिलं आणि नकलेची एक प्रत जोडून देवेशमार्फत वर पाठवलं. महिन्याभरात कंपनीचं काम संपलं आणि नकाशांचे गठ्ठे परत आले. त्या दिवशी मला घरी जायची घाई होती, पाहुणे यायचे होते. कंपनीच्या माणसानं पावती पुढं केली, 'सर्व नकाशे मोजून पूर्ण मिळाले'. मी सही केली. मोजले नाहीत. आठवड्यात देवेशची पुण्याला बदली झाली.

दिवाळीनंतर वस्तीवर पहिल्यांदा ड्रोन आलं. मेंढरं बिथरून उसात घुसली. मग पांढऱ्या चुन्याच्या रेघा पडल्या आणि लाल फडकी बांधलेल्या खुंट्या. वस्तीतल्या पोरांनी एक उपटली, तर दुसऱ्या दिवशी त्या जागी दोन होत्या. नंतर बोअरसारखं एक मशीन आलं. त्या माणसांनी सहा ठिकाणी भोकं पाडली, खालून निघालेली वाळू पिशव्यांत भरली, पिशव्यांवर आकडे लिहिले आणि कुणाशी काही न बोलता निघून गेले. हे सगळं दगडाबाईचा मुलगा अजिनाथ फोनवर बाईंना सांगायचा. तो वाळूजला एका कारखान्यात कामाला आहे. बाई त्याला म्हणायच्या, "मोजणी चाललीय. मोजणीशिवाय नाव कसं लागेल?" पण फोन ठेवल्यावर त्या नक्कल पुन्हा काढून बघायच्या.

त्याच सुमारास छावणीत बाईंकडं एक गृहस्थ आले. रामकिसन. जमिनीच्या कागदपत्रांची कामं करतो म्हणाले. पांढरे कपडे, बोलणं मऊ, हातात मिठाईचा डबा. "मावशी, तुमच्यामुळं सगळं सापडलं बघा. एवढं बारीक काम आता कोण करतं?" नक्कल बघायला मागितली. बाईंनी कौतुकानं पसरून दाखवली. रामकिसननी मोबाइलवर दोन फोटो काढले. मिठाई ठेवून गेले. बाईंनी मला सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "माणूस बरा होता, पण त्याचं नकाशाकडं लक्ष नव्हतं रे. माझ्या खोलीकडंच बघत होता."

एप्रिलमध्ये वस्तीला नोटीस आली. नदीपात्रातील शासकीय जमिनीवर अतिक्रमण, घरं काढून घ्या. अजिनाथ पहिली पाळी संपवून, कारखान्याच्याच गणवेशात, थेट छावणीत आला. मी तिथंच होतो. तो म्हणाला, "आईनं दिलीय. म्हनली, बाईलाच वाचून दाखव." बाईंनी कागद स्वतःच्या हातात घेतला. तिसऱ्या परिच्छेदात त्यांचंच वाक्य होतं, शब्द न् शब्द: 'सदर पट्टी दोन्ही गावांच्या हद्दीबाहेर असून तीवर कोणाचाही नोंदलेला हक्क आढळत नाही.'

अजिनाथ आवाज न चढवता म्हणाला, "आता काय करायचं ते सांगा."

तेव्हा बाईंना ते ठिपक्यांचं कडं आठवलं. निजामाच्या नकाशात धनगरवाडा दाखवलेला होता. म्हणजे हे लोक शंभर वर्षांपासून तिथं होते, सरकारी कागदानंच सांगितलं असतं. दुसऱ्या दिवशी आम्ही रेकॉर्ड रूममध्ये सावरथडीचा गठ्ठा सोडला. तो नकाशा त्यात नव्हता. शेजारच्या गठ्ठ्यांत नव्हता. मी देवेशला फोन लावून स्कॅनचं विचारलं. तासाभरानं त्याचा फोन आला. "काका, त्या नंबरावर शेजारच्याच गावाचा नकाशा दोनदा चढलाय. कसं झालं कळत नाही. मी आता त्या कामात नाही." आणि त्यानं फोन ठेवला.

सुनावणीच्या आदल्या दिवशी दुपारी मी बाईंकडं गेलो. बाहेर रस्ता तापून पांढरा दिसत होता. आत पंखा बंद होता. बाई टेबलावर वाकल्या होत्या, समोर नक्कल ताणलेली. मी दारातच थांबलो. पंधरा-वीस ठिपके असतील. प्रत्येक ठिपक्यानंतर त्या श्वास सोडत होत्या. मग त्यांनी शेजारी उर्दूत दोन शब्द लिहिले.

"बाई," मी म्हणालो.

"होतं ते," त्या म्हणाल्या. "तू ऐकलंस ना, मी वाचलं तेव्हा?"

"ऐकलं."

"मग खोटं नाही."

पण त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. शाई वाळेपर्यंत त्या हात मांडीवर ठेवून बसल्या.

सुनावणीला प्रांतसाहेबांनी नक्कल उजेडाकडं धरून बघितली. तरुण अधिकारी होते, बोलायला नीट. "ही खूण मूळ नकाशात होती?"

"होती."

"आणि इतर रेघांबरोबरच तुम्ही ती उतरवलीत?"

बाईंनी चष्मा काढून पुसला. "हो."

पुढच्या तारखेपर्यंत घरांना हात लावू नये, असा आदेश झाला. बाहेर आल्यावर वस्तीतल्या बायकांनी बाईंना घेरलं. दगडाबाई पाया पडायला वाकली, तर बाईंनी पाय मागं घेतले. परतीच्या एस.टी.त त्या खिडकीशी बसल्या आणि एकदाच बोलल्या, "तेहेतीस वर्षांत एकही रेघ माझ्या पदरची नव्हती."

चार दिवसांनी रामकिसन पुन्हा आले. या वेळी मिठाई नव्हती. मी तिथंच होतो हे बघून त्यांना उलट बरंच वाटलं असावं. त्यांनी मोबाइल टेबलावर ठेवला. नकलेचा फोटो होता, नोव्हेंबरमधली तारीख. पट्टी कोरी.

"मावशी, खामखा उन्हातान्हाचं कशाला फिरता? वय झालं. पुढच्या तारखेला तब्येत बरी नसली, तर कुणी काही म्हणणार नाही. नक्कल आपोआप बाजूला पडेल. तुमचीही अब्रू राहील." मग माझ्याकडं वळून त्यांनी विचारलं, "आणि साहेब, तुमची रिटायरमेंट कधी? पुढच्या वर्षी ना? पावतीवर सही तुमचीच आहे म्हणे."

ते गेल्यावर खाली बाजारात कुणी तरी शटर ओढलं, त्या आवाजानं आम्ही दोघंही दचकलो.

"संघपाल," बाई म्हणाल्या, "मी खरं सांगून टाकते. खूण मी मागाहून काढली, पण नकाशात होती, आणि तो नकाशा गायब आहे. तू ऐकलं होतंस एवढं सांगशील?"

मी म्हणालो, "बाई, सही माझी आहे. मला आधी हेच विचारतील की नकाशा गेला कुठं."

त्यांनी उठून चहा ठेवला. मी त्यांना म्हणालो, जाऊ नका. हे मी म्हणालो होतो, ते इथं लिहायलाच हवं.

पुढच्या तारखेला त्या एकट्या गेल्या. तिथं काय झालं ते मी नंतर आदेशाच्या प्रतीत वाचलं. त्यांनी उभं राहून सांगितलं की खूण त्यांनी सुनावणीच्या आदल्या दिवशी काढली, आधीचा जबाब खोटा होता, पण मूळ नकाशात ती होती आणि तो नकाशा मागवावा. प्रांतसाहेबांनी विचारलं, मूळ नकाशातली खूण आणखी कुणी पाहिली आहे का? बाईंचं उत्तर आदेशात असं आहे: 'वाचणारी मी एकटीच होते.' माझं नाव त्यांनी घेतलं नाही. सर्व मूळ नकाशे कचेरीला पूर्ण मिळाल्याची पावती मात्र फायलीत होती.

नक्कल पुराव्यातून काढून टाकली गेली. बाईंवर खोटा जबाब दिल्याची चौकशी लागली. जूनच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी साडेसातला, दोन जेसीबी आणि पोलिसांची गाडी वस्तीवर आली. अकरापर्यंत एकोणीस घरं पाडून झाली. बाई आणि मी पोचलो तेव्हा माणसं पत्रे गोळा करत होती. कुणी रडत नव्हतं. अजिनाथनं आमच्याकडं बघितलं आणि तोंड फिरवलं. दगडाबाई उलट्या पडलेल्या बाजेवर बसली होती. बाई तिच्यासमोर मातीतच बसल्या.

"दगडाबाई, माझं चुकलं."

म्हातारी म्हणाली, "तुम्ही खरं बोललात तवा बी आमचं गेलं आन खोटं बोललात तवा बी. आता नका बोलू काई." आणि तिनं पाण्याचा तांब्या बाईंच्या पुढं केला. बाई पाणी प्यायल्या.

मी शपथपत्र दिलं. बाईंनी खूण वाचली तेव्हा मी हजर होतो आणि नकाशे मी मोजले नव्हते, दोन्ही लिहून दिलं. पण ते घरं पाडल्यावर अकरा दिवसांनी. आता माझीही चौकशी चालू आहे. वस्तीच्या वतीनं वरच्या कोर्टात दावा लागलाय, वकील म्हणतात केस बरी आहे. सावरथडीनं त्या माणसांना गायरानात बसू दिलं नाही, निंबेगावनं तर नाहीच. ती एकोणीस कुटुंबं सध्या कालव्याच्या कडेला आहेत, मेंढरं निम्मी विकली.

आणि पट्टीवर खड्डा आहे. मागच्या महिन्यात बाईंनी हट्ट केला म्हणून मी त्यांना स्कूटरवर घेऊन गेलो. गाळ बाजूला सारून वाळू काढतायत. हायवा डंपरांची रांग उसाच्या वाटेनं हलत होती. खड्ड्याच्या कडेला उभं राहिलं तर तळाशी पाणी दिसतं, हिरवं. दगडाबाईचं घर कुठं होतं ते बाईंनी अंदाजानं दाखवलं. तिथं आता जमीनच नव्हती, हवा होती. कोर्टानं उद्या जागा परत द्या म्हटलं, तरी काय परत देणार? एका ड्रायव्हरनं हॉर्न दिला, म्हणून आम्ही निघालो.

परवा देवेशचा फोन आला. मी बाईंकडंच होतो, त्यांनी तो स्पीकरवर लावला. इकडचं तिकडचं बोलून तो म्हणाला, "आत्या, पुढच्या तालुक्याचं काम निघालंय. सरहद्दीवरची एक्केचाळीस गावं आहेत. नकाशे उर्दूत. दुसरं कुणी वाचणारं मिळत नाहीये."

बाईंनी विचारलं, "त्या हद्दींवर राहतं कोण कोण?"

"ते मला कसं माहीत असणार? नकाशात असेल ते."

बाईंनी पेन शोधून हातात घेतलं. देवेश दोनदा हॅलो हॅलो म्हणाला. मग म्हणाला, तू नाही म्हणालीस तर मशीनकडून वाचून घ्यायचं ठरलंय, तेही वाचतं आता. फोन बंद झाला. बाईंनी मला विचारलं, त्या एक्केचाळीस गावांतल्या एखाद्या माणसाला तरी मी ओळखतो का. मी विचार करून दोन नावं सांगितली. त्यांनी ती लिहून घेतली आणि तिकडं जाणारी एस.टी. किती वाजता सुटते ते विचारलं.